पाण्याला अंघोळ

“विहिरीत काय टाकलंत?”

विचारणारा माणूस तिशीचा असेल. अंगात फाटका बनियन, कमरेला लुंगी, डोळे कित्येक रात्री न झोपल्यासारखे लाल. मी विहिरीच्या काठावर उकिडवी बसून पाण्याचा नमुना बाटलीत भरत होते. प्रश्न त्यानं पोर्तुगीजमधून विचारला होता, एकेक शब्द तोंडात चाचपून बाहेर काढावा तसा. त्या गावात पोर्तुगीज बोलणारं माणूस भेटणं मला अप्रूपच होतं. मी हसून वर पाहिलं आणि स्वच्छ उच्चारात सांगितलं, “क्लोरू.”

“परत सांगा.”

“क्लोरू. पाण्यात घालतात. तुमच्याच भल्यासाठी.”

तो वळला आणि पलीकडे आंब्याखाली बसलेल्या माणसांना मोठ्यानं काहीतरी ओरडून सांगितलं. त्या अख्ख्या वाक्यातला एकच शब्द मला ओळखू आला. माझाच शब्द होता, फक्त जरा वाकडा झालेला.

आंब्याखालची माणसं उभी राहिली.

ही गोष्ट मोझांबिकच्या उत्तर किनाऱ्यावरची. वादळ होऊन गेलं होतं, विहिरींत पुराचं पाणी शिरलं होतं आणि पाठोपाठ कॉलरा आला होता. मी मूळची बार्शीची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पिण्याच्या पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले आणि तिनं मला तिकडे धाडलं. जाण्याआधी पुण्यात शिकवणी लावून पोर्तुगीज शिकले, परीक्षा दिली, पहिल्या वर्गात आले. देशाची राजभाषा पोर्तुगीज. कचेरी, शाळा, न्यायालय, दुकानावरच्या पाट्या, सगळा कारभार तिच्यातच. राजधानीत उतरल्यावर टॅक्सीवाल्याशी घासाघीस केली तेव्हा मला वाटलं, झालं, हा देश आपल्याला कळायला लागला. पण नाम्पुला शहर मागे पडून गाडी किनाऱ्याच्या बाजूला वळली की ती भाषा रस्त्यावरच्या डांबरासारखी हळूहळू विरत जाऊन संपायची. पुढे सगळा मुलूख मकुवा बोलायचा. मला मकुवातलं ‘सलामा’ आणि ‘माअसी’, म्हणजे नमस्कार आणि पाणी, एवढं येत होतं. तेवढ्यावर माझं चाललं होतं.

“दोतोरा, गाडीत बसा,” उसेन माझ्या कानाशी पुटपुटला. तिकडे शिकलेल्या बाईला सरसकट दोतोराच म्हणतात. उसेन त्याच गावचा. शाळेत थोडंफार शिकलेला म्हणून आम्ही त्याला मदतीला घेतलं होतं. क्लोरीनची, म्हणजे त्या क्लोरूची, निळी बादली घेऊन विहिरीविहिरीवर जायचं, मोजून औषध टाकायचं, हे त्याचं काम.

“आत्ता? अजून नदीकाठची विहीर राहिलीये.”

“बसा म्हणतो ना!”

त्याचा आवाज ऐकून मी बाटली तशीच टाकून उठले. पण गाडी आंब्याच्या पलीकडे होती आणि मधे माणसं. ती पळत आली नाहीत, चालतच आली, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. उसेन हात वर करून त्यांच्याशी बोलू लागला. ते त्याचे चुलते, शेजारी, सोबत खेळलेले लोक. कुणीतरी त्याच्या हातातली बादली हिसकली, विहिरीच्या कठड्यावर आपटून फोडली. मग उसेन मला दिसेनासा झाला. नुसता त्याचा आवाज येत राहिला, आणि थोड्या वेळानं तोही येईना.

आमचा ड्रायव्हर मोमादे पन्नाशीचा धिप्पाड गृहस्थ होता. कधी आवाज चढवत नसे. तो गर्दीत खांदा घालून घुसला आणि उसेनला बखोटीला धरून ओढत बाहेर आला. तेवढ्यात एक दगड त्याच्या कपाळावर बसला. उसेनचा उजवा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता.

“दवाखान्यात!” मोमादे ओरडला. “पळा!”

दवाखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एकच खोली. आत परिचारिका आतिजा होती आणि खाटेवर मुआनाशा नावाची तरुण बाई. सकाळीच तिला आणलं होतं. डोळे खोल गेलेले, चेहऱ्याची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहावी अशी सुकलेली. हाताला सलाईन. आम्ही आत शिरताच मोमादेनं दार लावून अडसर घातला.

“काय झालं?” आतिजानं विचारलं.

“मला काय माहीत! एका माणसानं विचारलं विहिरीत काय टाकलं, मी सांगितलं.”

तिनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. “तो बनियनवाला?”

“हो.”

“अब्दाला. हिचा नवरा. याचा भाऊ परवाच गेला, कॉलऱ्यानं.”

बाहेरून अब्दालानं दारावर थाप मारली आणि मकुवात काहीतरी विचारलं. आतिजानं खिडकीशी तोंड नेऊन उत्तर दिलं, पोर्तुगीजमध्ये. तिची पोर्तुगीज माझ्यापेक्षाही नितळ होती, शहरातल्या कचेरीत शोभेल अशी.

“रुग्णाची प्रकृती स्थिर आहे. उपचार सुरू आहेत. कृपया दवाखान्यापासून दूर थांबावे.”

बाहेर कुणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली, नाकात, साहेबी थाटात. कुणी हसलं नाही. पत्र्यावर पहिला दगड धाडकन आदळला आणि मुआनाशानं अर्धवट डोळे उघडले.

“तू त्यांच्या भाषेत का बोलत नाहीस?” मी विचारलं.

“मला येत नाही.”

“येते,” मोमादे म्हणाला. तो भिंतीला टेकून बसला होता. कपाळावर दाबलेला रुमाल लाल होत चालला होता. “खोटं नको बोलू पोरी. मघा बाहेरून कुणीतरी तुझ्या आईवरून शिवी दिली तेव्हा तू डोळे मिटलेस. मी बघत होतो.”

आतिजानं सलाईनचा थेंब उगीचच नीट केला. मग आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, “कळतं. बोलता येत नाही. लहानपणी आजीपाशी होते तोवर बोलायचे. मग वडिलांनी नाम्पुलाला नेलं. घरात मकुवाचा शब्द तोंडातून निघाला की ते ताट उचलून न्यायचे. म्हणायचे, ती भाषा तुला उखळापाशी बसवील, ही भाषा खुर्चीवर. मी पुन्हा कधी बोलले नाही. आता तोंड उघडलं तर ज्या वयात सोडली त्या वयाची मकुवा निघेल. लहान पोरीची. ही माणसं आधीच पेटलीयेत, त्यांच्यापुढे बोबडं बोलू?”

“वडील हयात आहेत?” मोमादेनं विचारलं.

“नाहीत. आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. खुर्ची मिळालीच की मला.”

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या भागाचा सरकारी प्रशासक, सेन्योर फेलिझार्दो, आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात कर्णा. वादळानंतर त्याच्या कचेरीतच मी त्याला भेटले होते, फार अदबीनं वागला होता. गर्दी त्याच्याकडे वळली. एक म्हातारा पुढे होऊन त्याच्याशी मकुवात बोलू लागला. बोलण्याच्या ढंगावरून वाटलं की तो त्याला नावानं ओळखतो, कदाचित लहानपणापासून.

“हा इथलाच का?” मी मोमादेला विचारलं.

“शेजारच्या गावचा. त्याचा बाप आणि हा म्हातारा एका होडीत मासे धरायचे.”

फेलिझार्दोनं म्हाताऱ्याला हातानंच थांबवलं, खिशातून कागद काढला आणि कर्णा तोंडाला लावला. सरकारी पोर्तुगीजमधून तो वाचू लागला. आजही ते वाक्य मला तसंच्या तसं आठवतं.

“नागरिकहो! आपणांस कळविण्यात येते की सक्षम अधिकाऱ्यांच्या निर्देशानुसार येथील विहिरींमध्ये क्लोरू मिसळण्यात आला असून सदर क्लोरू हा कोलेराच्या संदर्भात...”

पुढचं ऐकू आलं नाही. असा काही आवाज उठला की खिडकीची झडप थरथरली. म्हाताऱ्यानं त्याच्या हातातून कागद ओढला आणि फाडला. दगड मोटारसायकलवर पडू लागले. फेलिझार्दो कर्णा तिथंच टाकून गाडीवर बसला आणि आला त्या वाटेनं नाहीसा झाला. त्याच्यामागे धावलेली पोरं परत आली ती आमच्या जीपकडेच. आधी काचा फुटल्याचा आवाज आला. मग मऊसा ‘भप्प’ आवाज झाला आणि आंब्याची पानं खालून पिवळी उजळली.

“माझी गाडी,” मोमादे एवढंच म्हणाला. अकरा वर्षं त्यानं ती चालवली होती.

“मोमादे, ही माणसं काय म्हणतायत? मला सरळ सांगा.”

त्यानं थोडा वेळ कान दिला. “म्हणतायत, साहेबानंही कबूल केलं.”

“काय कबूल केलं?”

“की तुम्ही विहिरीत कोलेरा टाकला.”

“तो असं म्हणालाच नाही! तो क्लोरू म्हणाला! मीसुद्धा क्लोरूच म्हणाले!”

मोमादेनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दमलेल्या माणसासारखं. “दोतोरा, दोन्ही शब्द एकदा परत म्हणा. पण आपल्याला पोर्तुगीज येत नाही असं समजून ऐका.”

मी म्हणाले. क्लोरू. कोलेरा. पुन्हा म्हणाले. मला कधीच हे ऐकू आलं नव्हतं, कारण दोन्ही शब्दांचे अर्थ मला ठाऊक होते. अर्थ काढून घेतला तर उरत होता तो एकच आवाज, कमीजास्त घासलेला.

“आधी या भिंतीवर कागद लागले, मोठ्या अक्षरात कोलेरा,” मोमादे सांगत होता. “मग तुम्ही बादली घेऊन आलात. बादलीवर पण तसलंच नाव. मग माणसं मरायला लागली. आज अब्दालानं तुम्हाला तोंडावर विचारलं. त्यानं दोनदा विचारलं, आणि तुम्ही दोनदा हो म्हणालात. हसून.”

“तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“मला तरी आजच समजलं. मी शहरात गाडी चालवतो, दोतोरा. मलाही दोन्ही शब्द वेगळेच ऐकू येतात.”

कोपऱ्यात उसेन दातावर दात दाबून बसला होता. आतिजानं त्याच्या हाताला फळी बांधली. तो म्हणाला, “मी सांगितलं होतं त्यांना. औषध आहे म्हणून. ते म्हणाले, औषध माणसाला देतात, विहिरीला कोण देतं?”

बाहेर आता ओरडा थांबला होता. त्याऐवजी घासत ओढल्याचा आवाज येत होता. मी फटीतून पाहिलं. माडाच्या वाळक्या झावळ्या आणून दाराशी रचत होते. रचणाऱ्यांत बायाही होत्या. अब्दाला मधे उभा राहून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता.

“माझी बायको बाहेर द्या, असं म्हणतोय,” मोमादे म्हणाला. “ती बाहेर आली की मग पेटवणार.”

आतिजानं सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. तळाशी बोटभर उरलं होतं. “शेवटची एकच आहे. आता हिला हलवलं तर वाटेतच जाईल. घरी नेऊन ते तिला पाणी पाजणार, नदीचं.” तिनं नवी बाटली लावली. तिनं हात अंगरख्याला पुसले आणि अडसराला हात घातला.

मी तिचा दंड धरला. “काय सांगणार आहेस?”

“माहीत नाही. माझ्याकडे शब्दच नाहीत.”

“मग नको जाऊस.”

“तुमच्याकडे पुष्कळ आहेत, दोतोरा,” ती म्हणाली. “त्यांचं काय झालं बघितलं ना?”

तिनं अडसर काढला.

दार उघडताच समोरची माणसं एक पाऊल मागे सरली. आतून कुणी आपण होऊन बाहेर येईल असं त्यांना वाटलं नसावं. आतिजा उंबऱ्यात उभी राहिली, झावळ्यांच्या ढिगाच्या अलीकडे. संध्याकाळ व्हायला आली होती, आणि जीपचा धूर जमिनीलगत पसरला होता. तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. अब्दालाच्या हातात पेटलेली झावळी होती.

मग ती बोलली. मी दाराआड होते, मोमादे माझ्या बाजूला. तो तिचं बोलणं कुजबुजत माझ्या कानात पोर्तुगीजमध्ये घालत होता.

“आई... मामा... ऐका ना,” ती म्हणाली. “मी पाणी मारलं नाही. पाणी घाण झालं. पाण्याच्या पोटात किडे. इवले इवले. मी... मी पाण्याला अंघोळ घातली.”

“अरे देवा,” मोमादे पुटपुटला. “पाण्याला अंघोळ घातली म्हणते. पाच वर्षांच्या पोरीसारखं बोलतेय.”

गर्दीत कुठूनतरी फुस्स आवाज आला. कुणाला तरी हसू आवरलं नव्हतं. मग दुसऱ्याला. बायांच्या बाजूनं एक बाई काहीतरी बोलली आणि तिथं चक्क खसखस पिकली.

“काय म्हणाली?”

“पाण्याला अंघोळ घालायची तर पाणी कुठून आणायचं, म्हणते.”

अब्दाला मात्र हसला नाही. तो ओरडला. मोमादेनं त्याचं वाक्य सांगितलं, “हिला आपली भाषा बोलता येत नाही आणि ही आपल्याला सांगायला आलीये!” त्यानं हातातली झावळी उंच धरली आणि हसणारे गप्प झाले. आतिजा जागची हलली नाही. पण मला तिची मान मागून दिसत होती, आणि ती घामानं निथळत होती.

तेव्हा बायांमधून एक म्हातारी पुढे आली. चेहऱ्याला पांढरा लेप लावलेला. तिकडच्या बाया एका झाडाचं लाकूड उगाळून तो लावतात, आपण चंदन उगाळावं तसं. ती गावच्या मुखियाची थोरली बहीण होती. त्या लोकांत वंश आईकडून चालतो, त्यामुळे मुखियाच्या शब्दापेक्षा तिचा शब्द जड. तिनं अब्दालाचा हात खाली केला, घाई न करता, आणि आतिजाच्या अगदी जवळ येऊन तिला निरखलं.

“कुणाची तू?”

आतिजानं आजीचं नाव सांगितलं, आजीचं गाव सांगितलं, आजीच्या आईचं नाव सांगितलं. एवढं एक तिला अडखळल्याशिवाय आलं.

“मग इतके दिवस मुक्याचं सोंग कशाला घेतलंस?”

आतिजा एकच शब्द म्हणाली.

“लाज,” मोमादेनं मला सांगितलं.

म्हातारीनं मान हलवली. ‘असं होय,’ एवढाच तिचा अर्थ. मग तिनं विचारलं, त्या बादलीत काय होतं. आतिजानं मागे न बघता हात माझ्याकडे केला. फरशी पुसायला ठेवलेलं क्लोरीनचं भांडं मी तिच्या हाती दिलं. म्हातारीनं ते नाकाशी नेलं, तोंड वेंगाडलं, शिंकली आणि भांडं मागच्या बाईकडे दिलं. त्या बाईनं हुंगलं आणि मोठ्यानं म्हणाली, हे तर शहरात कपडे पांढरे करायला वापरतात ते. भांडं नाकानाकावरून फिरू लागलं. एकदम सगळ्याच बाया बोलायला लागल्या. म्हातारी आतिजाला दरडावत होती. मोमादेला त्या गडबडीतही हसू आलं. “साबणाचा भाऊ आहे म्हणून सांगायला तुमची जीभ झडली होती का, म्हणते.”

मला वाटलं, सुटलो. पण अब्दाला झावळी घेऊन तसाच उभा होता. तो आता ओरडत नव्हता. अगदी हळू बोलला.

“साबण असेल. माझा भाऊ मेला, त्याचं काय?”

क्लोरीन यायच्या आधीच तो दूषित पाणी प्यायला होता, हे खरं होतं; पण ते पोर्तुगीजमध्येसुद्धा त्या वेळी त्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. आतिजा म्हणाली, “भाऊ गेला. वाईट.” मग थांबली. पुन्हा म्हणाली, “वाईट.” तिनं हताशपणे म्हातारीकडे पाहिलं. “यावर काय बोलतात? मी लहान होते. मला कुणी शिकवलं नाही.”

म्हातारीनं सांगितलं.

मृत्यू झालेल्या घरी गेल्यावर त्या लोकांत जे बोलतात ते दोन-तीन ओळींचं बोलणं असतं. म्हातारी एकेक तुकडा म्हणाली आणि आतिजा तो तिच्यामागून म्हणत गेली, अब्दालाकडे बघत. एका जागी ती चुकली. म्हातारीनं हात वर करून थांबवलं, तुकडा पुन्हा म्हटला, आतिजानं पुन्हा म्हटला. मोमादेनं ते मला सांगितलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं तर तोही ओठांतल्या ओठांत म्हणत होता. तिकडे कोपऱ्यात उसेनही.

बोलणं संपल्यावर ज्याचं माणूस गेलं त्यानं उत्तर द्यायचं असतं. झावळी जळत जळत अब्दालाच्या बोटांपर्यंत आली तेव्हा त्यानं ती टाकली. ढिगावर नाही, बाजूला, धुळीत. मग त्यानं उत्तर दिलं, आणि मधेच त्याचा आवाज फुटला. एका माणसानं त्याला धरून खाली बसवलं.

थोड्या वेळानं आतिजानं त्याला आत नेलं. तो खाटेशी बसला. तिनं वाटीत मीठ-साखरेचं पाणी कालवलं, आधी स्वतः घोट घेतला, मग वाटी त्याच्या हातात दिली. त्यानं चमच्यानं बायकोच्या ओठांशी नेलं. मुआनाशानं गिळलं. बाहेर बाया झावळ्या उचलून नेत होत्या. वाळकी झावळी वाया कोण घालवणार, चुलीला उपयोगी पडते.

मुआनाशा वाचली. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं सगळ्या बायांना विहिरीवर उभं केलं आणि त्यांच्यादेखत आतिजाकडून औषध टाकून घेतलं. प्रत्येक गोष्टीला नाव विचारलं, आणि नाव नसेल तिथं बायांनी ते तिथंच ठेवलं. आजारालाही त्यांच्याकडे स्वतःचं जुनं नाव होतं. आमच्या कुठल्याच कागदावर ते नव्हतं. ऐकताना मला माझी आजी आठवली. तिच्या तोंडी कॉलरा कधी नसायचा, पटकी असायची. बार्शीत तिला कुणी फक्त ‘कॉलरा’ म्हणून बजावलं असतं तर तिनंही ‘असेल बाई कायतरी’ म्हटलं असतं.

पण सगळंच काही गोड झालं नाही. काही घरं तरीही विहिरीवर आली नाहीत, नदीचंच पाणी पीत राहिली, आणि त्यातली दोन माणसं गेली. उसेनचा हात जुळला, पण वाकडा. ज्यांनी तो मोडला ते त्याच्या घरी कोंबडी घेऊन गेले. त्यानं कोंबडी ठेवून घेतली, आणि आठवड्यानं बायकामुलांसह बहिणीच्या गावी निघून गेला. पुन्हा आला नाही. मला निरोपही सांगितला नाही, आणि तो मी मागणार तरी कुठल्या तोंडानं?

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशीची बैठक झाली. लांब टेबल, वर पंखा, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी अध्यक्षस्थानी. दहाबारा जण असतील, सगळे सरकारी. मी संस्थेतर्फे, आणि माझ्या शेजारी आतिजा. फेलिझार्दोनं निवेदन वाचलं. उत्तम पोर्तुगीज. जनतेचे अज्ञान, अंधश्रद्धा, समाजकंटकांची चिथावणी, जनजागृतीची नितांत गरज. सगळ्यांनी माना हलवल्या. फलक वाढवावेत असं कुणीतरी सुचवलं. कुठल्या भाषेत, हा प्रश्न आलाच नाही.

“सिस्टर आतिजा, आपण घटनास्थळी होता,” अध्यक्ष म्हणाले. “आपल्याला काही निवेदन करायचे आहे?”

ती उभी राहिली. आणि मकुवात बोलू लागली.

तीच पाच वर्षांच्या पोरीची मकुवा. शब्द चुकत होते, ती थांबत होती, मागे जाऊन पुन्हा सुरुवात करत होती. टेबलाभोवती सगळे ताठ झाले. कुणी कागद चाळू लागलं, कुणी बाटलीचं झाकण फिरवू लागलं.

“सिस्टर,” अध्यक्षांनी मऊ आवाजात टोकलं, “कृपया राजभाषेत.”

ती बोलतच राहिली. एका ठिकाणी ती अडकली, पुढचा शब्द सापडेना. तेव्हा टेबलाच्या त्या टोकाकडून कुणीतरी तो शब्द हळूच पुरवला. सगळ्यांनी वळून पाहिलं. शब्द फेलिझार्दोनं पुरवला होता. त्याची मान खाली होती, नजर टेबलावर. आतिजानं तो शब्द उचलला आणि पुढे गेली. थोड्या वेळानं एका कारकुनानं तिची एक चूक सुधारली. मग आणखी कुणीतरी हसलं, मोकळं हसलं, घरात हसतात तसं.

अध्यक्ष अवघडून माझ्याकडे वळले. “क्षमा करा,” ते म्हणाले, “सभेत परदेशी पाहुण्या आहेत. दोतोरांना हे काहीच कळणार नाही.”

मी टेबलाभोवतीचे चेहरे पाहिले. एकेक करून सगळे पाहिले. आतिजा बोलायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती.

“चालू द्या,” मी म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आतिजाला काहीतरी विचारलं, मकुवात. तिनं उत्तर दिलं. मग फेलिझार्दो बोलला, मग तो कारकून, मग दोघं-तिघं एकदमच. बैठक फार लांबली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्या खोलीत मकुवा न येणारी मी एकटीच होते.